नंबर एकशे सत्तेचाळीसचा दगड

“मावशी, प्लीज, आता हात नका लावू. मशीन चालू आहे,” अपूर्व म्हणाला.

मी हात मागे घेतला. एकोणतीस वर्षं हे दगड मी धुतले, पुसले, ट्रेमध्ये मांडले, परत कपाटात ठेवले, आणि आज हा कालचा पोरगा मला सांगतो हात लावू नका. घ्या! पण पोरगा तसा गुणाचा होता. बाहेरगावच्या एका संग्रहालयातून आलेला. काल दुपारी डबा खाताना अर्धा पराठा त्याने न विचारता माझ्यापुढे सरकवला होता. त्याच्या हातात केस वाळवायच्या यंत्रासारखं एक मशीन होतं. त्याचं तोंड दगडाला टेकवायचं, घोडा दाबायचा, अर्धा मिनिट थांबायचं. मग मागच्या छोट्या पडद्यावर आकडे येत. दगडाच्या पोटात काय आहे आणि किती आहे, सगळं.

आमच्या कॉलेजातला भूगर्भशास्त्र विभाग या वर्षी बंद झाला. गेल्या साली दोनच मुलं होती, यंदा एकही नाही. खोलीत आता कॉम्प्युटर बसणार. कपाटांतले चारशे बारा दगड संग्रहालय न्यायला तयार झालं, पण त्यांची अट होती की प्रत्येक दगड तपासायचा, चिठ्ठीवरच्या नंबरापुढे यादीत जे नाव आहे ते खरं निघालं तरच घ्यायचा. म्हणून दोन दिवस अपूर्व तपासत होता आणि मी, प्रयोगशाळेची शिपाई रतन, एकेक दगड त्याच्या हातात देत होते. दोन कपाटं संपली होती. तिसरं तांब्याच्या खनिजांचं.

“पुढचा नंबर?”

“एकशे चव्वेचाळीस,” मी म्हटलं. एकशे सत्तेचाळीस आता तीन दगडांवर होता.

त्या दगडाची आणि माझी गोष्ट जुनी आहे. मी या कामाला लागले ती नवरा गेला म्हणून. गणू याच प्रयोगशाळेत शिपाई होता. कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत माणूस गेला. त्याच्या जागी मला घेतलं, पण हंगामी. सर्वेश तेव्हा दोन वर्षांचा. गावाला जाऊन दिराच्या दारात पडायचं, नाहीतर वर्तकनगरच्या खोलीचं भाडं भरत ही नोकरी टिकवायची. तिसरा रस्ता नव्हता.

विभागाचे मोठे सर म्हणजे पोंक्षे सर. स्वभावाने कडक, पण माणूस सज्जन. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाले, “रतनबाई, दगड नुसते उचलून ठेवू नका. ओळख करून घ्या त्यांची.” मुलांना ते शिकवायचे तेव्हा मी मागे बेसिनपाशी उभी राहून ऐकायचे. रंगावर जाऊ नका, रंग फसवतो. चकाकी बघा. हातात घेऊन वजन बघा. नखाने, नाण्याने, चाकूने ओरखडा जातो का ते बघा. फुटलेली कड कशी आहे ती बघा. आणि शेवटी कस. चिनी मातीची पांढरी, खरखरीत पट्टी असते, तिच्यावर दगड घासायचा. जी रेघ उमटते तो त्याचा खरा रंग. सोनार कसोटीवर सोनं घासतो तसंच.

एकशे सत्तेचाळीस आणि एकशे अठ्ठेचाळीस हे दोन दगड शेजारी शेजारी ठेवलेले असत. दोन्ही पोलादासारखे करडे, दोन्ही जड, दोघांच्या अंगावर बारीक त्रिकोणी पैलू. चाकूने ओरखडा जायचा, आणि हातातून पडले तर ठिकऱ्या. एकशे सत्तेचाळीस टेट्राहेड्राइट. त्यात तांबं, गंधक आणि अँटिमनी. एकशे अठ्ठेचाळीस टेनंटाइट. तांबं आणि गंधक तेच, फक्त अँटिमनीच्या जागी आर्सेनिक. “ह्या दोन जावा,” सर म्हणायचे. “एकाच घरातल्या. नुसत्या बघून ही कोण आणि ती कोण, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. टेनंटाइटचा कस जरा लालसर येतो, पण त्यावर विसंबू नका. कधी टेट्राहेड्राइटचाही येतो.”

आता माझी अक्कल ऐका. कामाला लागून तिसरं वर्ष होतं. कॉलेजात तपासणीसाठी समिती यायची होती आणि सर म्हणाले, “कपाटं लखलखीत दिसली पाहिजेत.” हे कपाट तांब्याचं, एवढं मला ठाऊक. घरी देवाचा तांब्या मी कशाने घासते? चिंच आणि मीठ. मी घरून चिंचेचा गोळा भिजवून आणला आणि तिसऱ्या कपाटातले सगळे दगड बेसिनमध्ये घेऊन काथ्याने घासायला बसले! हिरव्या दगडाला चिंच लागली तसा बारीक फेस आला, तेव्हा घाबरून थांबले. तोवर सगळ्या दगडांच्या चिठ्ठ्या सुटून पाण्यावर तरंगत होत्या.

बाकीचे लावता आले. हिरवा कोणता, निळा कोणता, पितळेसारखा कोणता, मोरपिसासारखा कोणता, ते एव्हाना कळत होतं. राहिले हे दोन करडे. मी त्यांना उलटंपालटं करून पाहिलं. देवाचं नाव घेतलं, एक चिठ्ठी याला डकवली, एक त्याला. सरांना सांगितलं नाही. त्या महिन्यात मला नोकरीत कायम करायची फाइल त्यांच्याच टेबलावर पडलेली होती.

समितीतले लोक आले, चहा पिऊन गेले. दगड छान दिसतात म्हणाले.

मग मार्चमध्ये शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा झाली. १९९९ साल. त्या वर्गात बाळकुमची जागृती होती. तिचे वडील आनंदा मिठागरावर कामाला, आई ठमाबाई आमच्या वर्तकनगरच्या नाक्यावर भाजी विकायची. अख्ख्या पाड्यात सायन्सला गेलेली ही पहिली मुलगी. बोलायची ठसक्यात आणि नजर अशी की बस्स! वाळूत मिसळलेलं गार्नेट ती दुरून दाखवायची. सर म्हणायचे, या मुलीचे डोळे भिंगाचे आहेत.

तिच्या ट्रेमध्ये एकशे सत्तेचाळीस आला. चिठ्ठीवर नुसता नंबर असतो, नाव यादीत असतं. तिने दगड हातात तोलला, भिंगातून पाहिला, पट्टीवर घासला, आणि उत्तर लिहिलं, टेनंटाइट.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी यादी पाहिली. “चूक. हे टेट्राहेड्राइट आहे.”

“नाय सर. कस बघा ना, लालसर आलाय. चेरीसारखा. हा टेनंटाइटच.”

“यादीत टेट्राहेड्राइट लिहिलंय.”

“मग यादी चुकली असंल, सर.”

परीक्षकांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी पोंक्षे सरांकडे पाहिलं. सरांनी दगड हातात घेतला, चिठ्ठी पाहिली आणि म्हणाले, “जागृती, नंबर माझ्या हातचा आहे. आणि कसावरून या दोन्हींत निकाल लागत नाही, हे मी वर्गात सांगितलेलं आहे.”

“पण सर, मला दिसतंय ना!”

“म्हणजे तुला दिसतं ते खरं आणि आम्ही सगळे खोटे?” परीक्षक म्हणाले.

मी पाण्याचा ट्रे घेऊन चार हातांवर उभी होते. चिठ्ठीवर अक्षर सरांचं होतं, पण ती डकवणारे हात माझे होते. एक वाक्य बोलायचं होतं मला. सर, धुताना चिठ्ठ्या सुटल्या होत्या. एवढंच. माझी जीभ उचलली नाही. जागृतीच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मी पुढे होऊन तिला पाण्याचा ग्लास दिला. तेवढंच केलं.

तोंडी परीक्षेचे मार्क परीक्षकांनी असे कापले की ती प्रॅक्टिकलला तीन मार्कांनी नापास झाली.

निकाल लागल्यावर आनंदा सरांना भेटायला आला. उन्हाने आणि मिठाने पावलं फुटलेली. दाराबाहेर चपला काढून आत आला. त्याने एकच विचारलं, “सर, माझी पोरगी खोटा बोलते का?”

“खोटं नाही बोलत. हट्टी आहे. चुकलेलं कबूल करत नाही,” सर म्हणाले.

“मंग झाला,” आनंदा म्हणाला. “चुकलेला कबूल करत नाय, तिला आजून शिकवून काय करायचा?”

मे महिन्यात जागृतीचं लग्न झालं. आंबिवलीला दिली. माझी फाइल जूनमध्ये मंजूर झाली.

परीक्षेच्या त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. सगळे गेल्यावर मी कसाच्या पट्ट्या धुवायला घेतल्या. प्रत्येक पट्टीच्या मागे मुलांनी पेन्सिलीने आपला परीक्षा नंबर लिहिलेला असायचा. जागृतीची पट्टी नळाखाली धरायला गेले आणि हात थांबला. पांढऱ्यावर ती लालसर रेघ होती. मी पट्टी न धुता तशीच पिशवीत टाकली. मग तिसरं कपाट उघडलं आणि दोन करड्या दगडांच्या चिठ्ठ्या काढून अदलाबदल करून लावल्या. म्हटलं, पोरगी एवढी छातीवर हात मारून सांगते, तर खरंच सांगत असेल. पुढच्या पोरांचं तरी नुकसान नको.

आता बघा, माझं कोडं कसं होऊन बसलं. जागृती बरोबर होती की चूक, हे मला नक्की कुठे ठाऊक होतं? कदाचित माझी पहिली चिठ्ठीच योग्य लागली असेल, पोरगीच चुकली असेल, आणि नंतर मी अदलाबदल करून उलट घोळ केला असेल. तसं असलं तर मी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. सव्वीस वर्षं मी देवाकडे हेच मागत आले. न बोलायला कारण दरवेळी मिळालं. आधी नोकरी, मग सर्वेशची शाळा, मग सर निवृत्त होताना त्यांचा मान, आणि सर गेल्यावर तर सांगायचं कुणाला? दर रविवारी मी ठमाबाईकडून भाजी घ्यायचे आणि एक अक्षर घासाघीस करायचे नाही. तिला वाटायचं, बाई मोठ्या मनाची आहे.

म्हणून आज मला मशीनकडून एकच हवं होतं. एकशे सत्तेचाळीस नंबरच्या दगडात आर्सेनिक निघावं. म्हणजे चिठ्ठी आज चुकीची, म्हणजे परीक्षेच्या दिवशी बरोबर होती, म्हणजे मी सुटले. चिठ्ठी चुकली म्हणून दगड कचऱ्यात गेला तरी चालणार होतं मला.

“एकशे सत्तेचाळीस,” मी म्हटलं आणि दगड टेबलावर ठेवला. 

अपूर्वने मशीन टेकवलं. अर्धा मिनिट. 

“तांबं अडतीस टक्के. गंधक आहे. अँटिमनी पंचवीस. आर्सेनिक अगदी थोडं, दोन.” त्याने यादीवर बोट ठेवलं. “टेट्राहेड्राइट. करेक्ट!”

“परत बघ,” मी म्हटलं.

“का? क्लीन रीडिंग आहे.”

“बघ ना रे बाबा परत.”

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि परत लावलं. तेच आलं. मग एकशे अठ्ठेचाळीस. त्यात आर्सेनिक सतरा. टेनंटाइट. करेक्ट.

“भारी आहे, मावशी,” अपूर्व हसत म्हणाला. “हे दोन तर लोक हमखास उलटे लावतात. तुमच्याकडे एक पण लेबल चुकलेलं नाही. कसं सांभाळलंत एवढी वर्षं!”

मी स्टुलावर बसले. भलतंच कौतुक ते!  पोरगी बरोबर होती. वीस वर्षांची पोर नुसत्या डोळ्यांनी जे बघत होती, ते बघायला यांना लाखांचं मशीन लागलं. आणि तिथे दुसरी एक बाई पाण्याचा ट्रे धरून उभी होती.

“अपूर्व,” मी म्हटलं, “तुझ्या त्या वहीत शेरा लिहायची जागा आहे का?”

“आहे ना.”

“मग लिही. मार्च १९९९ ला या दगडाची चिठ्ठी चुकीची होती. परिचर रतन हिने चुकवलेली. विद्यार्थिनी जागृती हिने अचूक ओळखला होता.”

तो गोंधळला. “पण मावशी, लेबल आता बरोबर आहे. रिमार्क कशाला?”

“तू लिही. मी सही करते.”

त्याने लिहिलं. मी सही केली. आणि दुपारनंतरची अर्धी रजा टाकली.

जागृतीचं दुकान ठमाबाईने मला कधीतरी सांगून ठेवलेलं. आंबिवली स्टेशनच्या पूर्वेला, एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर, साडीला फॉल लावायचं. ठमाबाई जाऊन दोन वर्षं झाली, पण दुकान होतं तिथेच. दारावर पाटी होती, फॉल, पिको, बिडिंग. तिच्याखाली पांढऱ्या रंगात दुसरी ओळ होती. ‘फॉलचा रंग गिऱ्हाइकाने स्वतः बघून पसंत करावा. नंतर तक्रार चालणार नाही.’

आत जागृती शिलाई मशीनवर बसलेली. चष्मा लागलेला, केस कानापाशी पांढरे. फळीसमोर एक बाई उभी होती, वांगी रंगाची साडी घेऊन. जागृतीने दोन फॉल काढून पुढे ठेवले. मला तर दोन्ही सारखेच दिसले.

“ताई, यातला कुठला मॅच होतो? तुम्हीच सांगा ना,” बाई म्हणाली.

“नाय बाय. भाइर उजेडात नेऊन तुमीच बगा,” जागृती म्हणाली. “मना रंगातला काय कलत नाय.”

 ही पोरगी, जिचे डोळे भिंगाचे!

“बरं, मी कोथिंबीर घेऊन येते, मग बघते,” म्हणून ती बाई साडी तिथेच ठेवून गेली.

“बोला मावशी. फॉल का पिको?” जागृतीने मला विचारलं. मग चष्मा वर केला. “अगं बाय! रतनमावशी?”

तिने स्टूल पुसून दिलं. चहा सांगते म्हणाली. मी म्हटलं, आधी ऐक. आणि सांगितलं. चिंच, काथ्या, सुटलेल्या चिठ्ठ्या, सरांच्या टेबलावरची फाइल, संध्याकाळची अदलाबदल, आजचं मशीन. काही लपवलं नाही. बोलताना मी तिच्या तोंडाकडे बघू शकले नाही, फळीवरच्या कात्रीकडे बघत होते. शेवटी पिशवीतून ती पट्टी काढली. खणाच्या तुकड्यात गुंडाळलेली होती. फळीवर ठेवली.

जागृतीने ती उचलली. आधी मागची बाजू पाहिली. पेन्सिल पुसट झाली होती, पण आकडे दिसत होते.

“माझाच नंबर,” ती म्हणाली.

मग पट्टी उलटी केली आणि दाराकडे तोंड करून उजेडात धरली. परीक्षेत धरली होती तशीच. बराच वेळ बघत राहिली.

“लालसर हाय,” ती म्हणाली.

“हो गं बाई. तू बरोबर होतीस.”

“बाबा सिव्हिलला शेवटच्या दिवशी मना म्हनाले, जागू, तुझा तेवरा एक हट्ट सोडला तर तू चांगली पोर. आता तरी कबूल कर.” तिचा आवाज अगदी साधा होता. “मी म्हटला, हो बाबा, माझाच चुकला तवा. मरत्या मानसाला खोटा बोलले मी, मावशी. आन मना वाटला खरा बोलते.”

मला रडू फुटलं. तिला नाही.

“तुमी तितंच उब्या होत्या ना? पानी दिलेला मना.”

“होय.”

“तवा बोलल्या असत्या तर?”

“नोकरी गेली असती माझी. सर्वेश लहान होता.”

“गेली असती,” ती म्हणाली.  मी हात जोडले. माफ कर, म्हटलं. ती पट्टीकडेच बघत होती. चहाचं परत काही निघालं नाही.

कोथिंबिरीची जुडी घेऊन ती बाई आली. “द्या ताई, ते फॉल. बाहेर नेऊन बघते.”

जागृतीने पट्टी शिलाई मशीनच्या फळीवर, कात्रीशेजारी ठेवली. साडीचा काठ उलगडला. दोन फॉलपैकी डाव्या हाताचा उचलला आणि काठावर ठेवला. दुसरा गुंडाळून खोक्यात टाकून दिला.

“हा,” ती म्हणाली.

“अहो, पण उजेडात एकदा…”

“काय गरज नाय. हाच हाय. उद्या चारला या.”

बाईने साडीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि बरं म्हणून निघून गेली. जागृतीने चष्मा नाकावर सारखा केला, दोरा ओवला आणि मशीन चालू केलं.

 मी उठले, पिशवी घेतली, दारात चपला घातल्या.

“येते गं,” मी म्हटलं.

तिने ‘या’ म्हटलं नाही.